सहीची रिकामी चौकट

१

निळ्या फायलीत अकरा कागद होते. मी ते दोनदा मोजले, एकदा वरून खाली आणि एकदा खालून वर. बिलाच्या प्रती तीन. थानांची, म्हणजे कापडाच्या ताग्यांची यादी, दोन पानं. जहाजाची पावती एक. विम्याचा कागद एक. कापडाच्या तपासणीचा अहवाल एक. कापड पाठवणाऱ्या कंपनीचं कोरं लेटरहेड एक, म्हणजे वर नाव-पत्ता आणि खाली काहीच नाही. ईमेलनं आलेल्या ओरिजिन सर्टिफिकेटची छापील प्रत एक. आणि बाकीचं सगळं ज्यातून कुरियरनं आलं ते पाकीट, बावीस सेंटिमीटर लांब, अकरा रुंद.

बारावा कागद, म्हणजे ओरिजिन सर्टिफिकेटची अस्सल प्रत, कस्टमच्या साहेबांनी ठेवून घेतली होती.

ओरिजिन सर्टिफिकेट हा कापडाचा जन्मदाखला. हे कापड आमच्या देशात विणलं गेलं अशी तिथलं व्यापारी मंडळ लेखी ग्वाही देतं, शिक्का मारतं, त्यांचा अधिकारी सही करतो. तो दाखला आला की कापड बंदरातून सुटतं. नाही आला की कापड पोरकं. आमची अडतीस थानं गेले चार दिवस पोरकी पडली होती.

दाखला आला नव्हता असंही नाही. आला होता. नंबर बरोबर, शिक्का बरोबर, थानांचा आकडा बरोबर. फक्त जिथं सही असते त्या चौकटीत काही नव्हतं. ईमेलनं आलेल्या प्रतीत मात्र त्याच चौकटीत ठसठशीत, गोलगरगरीत सही होती.

"सहीला काय पंख असतात?" मामानं विचारलं. तो हे सकाळपासून सहाव्यांदा विचारत होता. "तिकडून निघताना होती. इकडे पोचताना नाही. मध्ये काय समुद्रात पडली?"

कस्टमच्या साहेबांचं मत सरळ होतं. अस्सल कागद कुणीतरी काढून घेतला आणि त्या जागी सहीविना बनावट कागद ठेवला. सोबतच्या पत्रावर आमच्या ऑफिसतर्फे सही होती नानांची, आमच्या कारकुनांची. शुक्रवारी दुपारी बारापर्यंत सहीचा कागद आला नाही, तर बनावट कागद सादर केल्याची तक्रार नोंदवली जाणार होती, आणि तक्रारीत पहिलं नाव नानांचं असणार होतं.

तो मंगळवार होता.

"आमच्या शास्त्रज्ञ बाई नुसत्या कागदच मोजतायत," मामा माझ्याकडे बघत म्हणाला. "जरा डोकं चालवा की इथं."

मी रसायनशास्त्राची पदवी घेऊन दोन महिने मामाच्या ऑफिसात टायपिंग करत होते. शास्त्रज्ञ हे विशेषण प्रिंटरमध्ये कागद अडकला की हमखास निघायचं.

"नानांच्या कपाटाच्या किल्ल्या कुठायत?" मी विचारलं. नेहमीच्या खिळ्यावर त्या नव्हत्या.

मामानं खिशावर हात ठेवला आणि खिडकीबाहेर बघितलं.

२

नाना आमच्याकडे एकोणीस वर्षं होते. माझी उंची टेबलाएवढी होती तेव्हापासून ते त्याच खुर्चीवर, त्याच उशीवर बसत. त्यांच्या फायलीची एक कडा दुसरीच्या बाहेर यायची नाही. कुणी फायलीत बोट घालून कागद दुमडला तर ते काही बोलत नसत, फक्त तो कागद हातात घेऊन सरळ करत राहत, आणि समोरच्याला आपोआप लाज वाटे.

किल्ल्या काढून घेतल्याबद्दलही ते काही बोलले नव्हते. नुसते कपाटाकडे पाठ करून बसले होते.

"नाना, पाकीट आलं त्या दिवशी काय काय केलंत? क्रमानं सांगा."

"रोज करतो तेच. पाकीट फोडलं. कागद मोजले. आवक तारखेचा शिक्का मारला. भोकं पाडून फायलीला लावले. अस्सलला भोक पाडत नाही मी, त्याला प्लास्टिकचा खिसा."

"मध्ये काही?"

"मध्ये चहा."

"सही पाहिलीत?"

नाना थांबले. खोटं बोलणारा माणूस इथं लगेच हो म्हणाला असता.

"पाहिली असं वाटतं. पण दरवेळी असते, म्हणून यावेळीही पाहिल्यासारखी वाटत असेल. शपथेवर नाही सांगू शकत." मग म्हणाले, "तुझ्या मामाला माझ्यावर संशय आहे का गं?"

"मामाला सगळ्यांवर संशय आहे. मघाशी समुद्रावर होता."

ते हसले नाहीत.

दुसरा संशयित आमचा कस्टम एजंट. त्याला सगळे तुफान म्हणतात, कारण तो कुठंही वेळेवर पोचत नाही. नानांनी त्याला मागच्या आठवड्यात सोमवारी दुपारी तीनला फाइल दिली. त्यानं ती मंगळवारी सकाळी अकराला कस्टमला दिली. दोन्ही ऑफिसांमधलं अंतर स्कूटरवर वीस मिनिटांचं आहे.

"मधले वीस तास फाइल कुठं होती?" मी विचारलं.

"डिकीत."

"कुणाच्या?"

"माझ्या स्कूटरच्या. तुमचं असं बोलणं म्हणजे ना ताई, जसं काय मी रात्रभर बसून सही खोडत होतो. आधी जरा त्या नानांना विचारा. एवढा टापटीप माणूस मी आयुष्यात पाहिला नाही. टापटीप माणसं फार लपवतात."

"आणि तुम्ही?"

"मला लपवायला वेळ कुठाय?"

हेच कापड मागवणारी आणखी एक पेढी होती, आणि तुफान त्यांचंही काम करायचा. आमचा माल अडकला तर त्यांचा आधी बाजारात जाणार, हे मामानं मला दरवाजा लावून सांगितलं. त्यानंतर तेच त्यानं नानांनाही सांगितलं, आणि तुफानला नानांबद्दल काहीतरी सांगितलं. दुपारपर्यंत ऑफिसातले तिघंही एकमेकांकडे बघत नव्हते, आणि मला प्रत्येकाचा चहा वेगळा न्यावा लागत होता.

३

बुधवारी कस्टमच्या ऑफिसात साहेबांसमोर पोचायला मला तीन खिडक्या लागल्या. पहिली म्हणाली दुसरीकडे जा. दुसरी म्हणाली पहिलीकडे जा. तिसरी जेवायला गेली होती.

"कागद हातात मिळणार नाही," साहेब म्हणाले.

"हातात नको. बघू द्या फक्त."

"तो पुरावा आहे."

"पुरावा बघण्यासाठीच असतो ना, साहेब?"

त्यांनी ड्रॉवरमधून कागद काढला, काचेखाली सरकवला आणि काचेवर आपला कोपर ठेवला. तुमच्या हे लक्षात कसं आलं, असं मी विचारलं. या महिन्यापासून कागदाच्या स्कॅनमधली सहीची चौकट वेगळी कापून संगणकात चढवावी लागते, असं ते म्हणाले. कापली, तर चौकट कोरी. संगणक लाल झाला.

मी ईमेलची छापील प्रत बरोबर नेली होती, आणि एक पट्टी. बनावट कागद बनवणारा नंबर उतरवतो, शिक्काही उतरवतो, पण हातानं मारलेला शिक्का नेमका तेवढाच तिरपा मारणं अवघड. दोन्ही कागदांवर शिक्क्याची डावी कड चौकटीपासून नऊ मिलिमीटरवर होती. उजवी कड सहा. खाली शाईचा एक शिंतोडा उडाला होता, तोही दोन्हीकडे त्याच जागी.

"साहेब, कागद बदललेला नाही. हा तोच आहे."

"मग सही?"

"जरा दिवा बंद करता?"

"कशाला?"

"कोपर तिथंच राहू द्या. फक्त दिवा."

त्यांनी मोठा सुस्कारा सोडून दिवा बंद केला. मी फोनचा टॉर्च काचेला टेकवून आडवा धरला. उजेड कागदावरून सपाट गेला आणि चौकटीत सावलीच्या बारीक रेघा उठल्या. गोलगरगरीत. पेनाची निब कागदात जिथं जिथं रुतली होती तिथं तिथं खाच होती.

सही केली गेली होती. कागद तोच होता. शाई तेवढी नव्हती.

"म्हणजे खोडली," साहेब म्हणाले आणि दिवा लावला. त्यांचा आवाज प्रसन्न झाला होता. "हे तर आणखी वाईट. बदललेल्या कागदाला एक कलम आहे. खोडलेल्याला दोन आहेत."

४

खोडरबरानं खोडलं की कागदाचे तंतू उठतात. पातीनं खरवडलं की पातळ जागा उजेडात चमकते. रसायनानं पुसलं की भोवती पिवळट कड येते, आणि शेजारचा लाल शिक्का तर पहिल्यांदा पसरतो. यातलं काहीही त्या कागदावर नव्हतं. गुन्हेगार हुशार होता किंवा गुन्हेगारच नव्हता.

मी ऑफिसात येऊन कापड पाठवणाऱ्या कंपनीला फोन लावला. तिथली कागदपत्रं सांभाळणारी लेखनिक फोनवर आली. तिची भाषा मला येत नव्हती, माझी तिला, म्हणून आम्ही दोघी तिसऱ्याच एका भाषेची हाडं मोडत बोललो.

व्यापारी मंडळात सही घ्यायला कोण जातं? ती जाते. गेल्या वर्षी कामाला लागल्यापासून तीच. तिथला अधिकारी कोणत्या पेनानं सही करतो?

"माझ्या," ती म्हणाली. "साहेब लोकांकडे पेन असतं का कधी? मी कागद पुढं करते, पेनही मीच पुढं करते."

"कसलं पेन?"

"निळं. छान आहे. चुकलं की मागच्या टोकानं घासायचं, जातं. मी फार चुकते." मग तिचा सूर बदलला. "तुमचे लोक माझ्यावर रागावलेत का? मी दरवेळी विचारते."

मला घाई होती. नाही म्हणून मी फोन ठेवला.

तशा पेनाची शाई घासल्यानं खोडली जात नाही, घासल्यानं जी उष्णता होते तिनं ती रंगहीन होते. आमच्या वर्गातल्या एकीनं वर्षभराची निरीक्षणं तशा पेनानं लिहिली होती आणि वही ओव्हनवर ठेवून ती जेवायला गेली होती. परत आली तेव्हा वही नवी कोरी. खाली मार्गदर्शकांची लाल सही तेवढी शिल्लक.

स्टेशनरीच्या दुकानातून मी तसलं पेन आणलं, कागदाच्या पट्टीवर रेघ मारली, पट्टी प्लास्टिकमध्ये गुंडाळून थर्मामीटरसकट गरम पाण्याच्या भांड्यात धरली. रेघ बासष्ट अंशांना गेली. तीनदा केलं. बासष्ट, त्रेसष्ट, बासष्ट.

म्हणजे कागद कुणी खोडला नव्हता. तो कुठंतरी बासष्ट अंशांना तापला होता. आणि भर उन्हात उभी असलेली एक डिकी मला माहीत होती.

"ताई, तुम्ही माझ्या डिकीत काय ठेवताय?" तुफाननं विचारलं.

"थर्मामीटर."

"तिला ताप आलाय का?"

गुरुवारी सकाळी दहा ते दुपारी तीन मी स्कूटर उन्हात उभी ठेवली. तुफान त्या पाच तासांत चालत कुठंही गेला नाही, सावलीत बसून प्रत्येक येणाऱ्याला सांगत राहिला की पेढीनं त्याच्या गाडीला अटक केली आहे. दर अर्ध्या तासानं मी झाकण उघडलं. सर्वांत जास्त आकडा दुपारी दोनचा. सत्तेचाळीस.

पंधरा अंश कमी पडत होते, आणि शुक्रवारच्या बाराला एकवीस तास उरले होते.

५

"झालं का विज्ञान?" मामानं विचारलं. "मी आता वकिलाशी बोलतो. नानांना म्हणावं, काही झालं असेल तर सांगून टाका. मी सांभाळून घेईन."

"तू किल्ल्या घेऊन सांभाळतोयस."

"भाचीबाई, धंदा माझा आहे."

"नाना पण तुझेच आहेत."

त्यानं वकिलाचा नंबर शोधायला घेतला. तेवढ्यात कुरियरवाला दुसऱ्याच एका मालाचं पाकीट देऊन गेला. तेही तसंच, फुगलेलं. नानांनी सवयीनं सही करून घेतलं.

आणि तेव्हा मला माझी स्वतःची चूक दिसली. मी तीन दिवस नानांना विचारलं होतं. पाहिलं नव्हतं.

मी खुर्ची हलवली नाही. नुसती बसून राहिले.

नानांनी पाकीट फोडलं. कागद बाहेर काढले. पाकीट अकरा सेंटिमीटर रुंद, कागद एकवीस रुंद आणि एकोणतीस लांब. अर्थातच तीन घड्या घातलेले, कुरियरच्या गोणीत बसून चुरगळलेले. नानांनी ते मोजले. मग उठले, आणि सगळा गठ्ठा घेऊन मागच्या खोलीत गेले.

मागच्या खोलीत कापडाचे नमुने कापून ठेवायचं लांब टेबल आहे. टेबलाच्या टोकाला नमुन्यांसाठीची मोठी इस्त्री. ती सकाळी लागते ती संध्याकाळपर्यंत गरमच असते.

नानांनी पहिला कागद टेबलावर पसरला. त्यावर मलमलचा तुकडा घातला. आणि इस्त्री उचलून, बाळाच्या पाठीवरून हात फिरवावा तशी, ती कागदावरून फिरवली. एकदा उभी, एकदा आडवी.

निळ्या फायलीतले अकरा कागद मला आठवले. अकरा मोजले होते मी, दोनदा. आणि एवढ्याशा पाकिटातून आलेल्या त्या कागदांना एकही घडी कशी नाही, हे एकदाही विचारलं नव्हतं.

"नाना," मी दारातून म्हणाले, "हे तुम्ही मला का नाही सांगितलंत?"

त्यांनी वर पाहिलं. त्यांना खरंच कळलं नव्हतं.

"काय?"

"इस्त्री."

"यात काय सांगायचं? कापडाच्या धंद्यात चुरगळलेलं पुढं करू नये. तुझ्या आजोबांनी मला पहिल्या दिवशी सांगितलं होतं." त्यांनी दुसरा कागद घेतला. "श्वास घेतला, हेही सांगायचं होतं का मी?"

मी मलमलखाली थर्मामीटरचं टोक सरकवलं आणि त्यांना पुन्हा इस्त्री फिरवायला सांगितली. एकशे आठ.

मग मी त्यांना पेनाचं सांगितलं. त्यांनी इस्त्री उभी केली, स्विच बंद केला, आणि दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले.

"म्हणजे मीच केलं," ते म्हणाले.

६

"करणाऱ्याला माहीत नव्हतं," मी मामाला समजावत होते. "पेनवालीला इस्त्री माहीत नव्हती. इस्त्रीवाल्याला पेन माहीत नव्हतं."

"हे तू साहेबांना सांगणार? की सही होती, पण आम्ही तिला इस्त्री केली?"

"सांगणार नाही. दाखवणार."

ही शाई उष्णतेनं मरत नाही, झोपते. पुरेशी गार केली की पुन्हा रंग धरते, आणि मग नेहमीच्या तापमानाला तशीच राहते. पण अस्सल कागद साहेबांच्या कोपराखाली होता. प्रयोग करायला माझ्याकडे त्याच पेनानं लिहिलेला दुसरा कागद हवा होता.

आणि तो होता. ती लेखनिक दरवेळी काय विचारत होती? मी ऑफिसच्या जुन्या ईमेल काढल्या. गेल्या वर्षभरात तिनं सात वेळा लिहिलं होतं, की माझ्या चिठ्ठीला उत्तर आलं नाही. मामानं सातही वेळा कळवलं होतं, की आम्हाला चिठ्ठी मिळालेली नाही. ती वेंधळी आहे, दरवेळी कोरं लेटरहेड पाठवते, असं त्याचं मत होतं.

मी निळ्या फायलीतलं कोरं लेटरहेड काढलं.

ऑफिसच्या फ्रीजचा बर्फाचा कप्पा उणे सातच्या खाली जाईना. तासभर थांबून काही दिसलं नाही. मामानं घड्याळाकडे बघून घसा साफ केला. मग मी बर्फ फोडून प्लास्टिकच्या टबात घातला, तीन वाट्या बर्फाला एक वाटी मीठ. मीठ घातलं की बर्फ वितळतो आणि वितळताना आणखी गार होतो. लेटरहेड हवाबंद पिशवीत घालून मी ते मध्ये सरकवलं.

उणे नऊ. उणे अकरा. तुफानही येऊन उभा राहिला होता, वेळेवर.

उणे तेराला कागदावर धुरकट रेघ उमटली. उणे सोळाला ओळी वाचता येऊ लागल्या. त्या तिसऱ्या भाषेत, लहान मुलीसारख्या वळणदार अक्षरात, लिहिलं होतं: सोबत अस्सल सर्टिफिकेट. मिळाल्याचं कळवावं. मागच्या चिठ्ठीलाही आपलं उत्तर नाही. माझं काही चुकलं का?

नानांनी पिशवी रुमालानं पुसली.

"हिला आधी उत्तर लिहा," ते मामाला म्हणाले. साहेबांचा विषय काढण्याआधी.

७

शुक्रवारी सव्वाअकराला आम्ही टब घेऊन कस्टमच्या ऑफिसात गेलो. मी, मामा आणि नाना. तिन्ही खिडक्यांनी टबाकडे बघून आम्हाला थेट आत सोडलं.

"सरकारी कागद बर्फात ठेवण्याची नियमात तरतूद नाही," साहेब म्हणाले.

"ठेवू नये अशी आहे का?"

ते विचारात पडले. "टेबलावर पाणी सांडणार नाही ना?"

"सांडलं तर पुसू."

त्यांनी सर्टिफिकेट स्वतःच्या हातानं पिशवीत घातलं, पिशवी स्वतः बंद केली, आणि टबात धरून ठेवली. एका हातानं, मग दुसऱ्या, कारण बोटं बधिर व्हायला लागली. मी आकडे मोठ्यानं वाचत होते. उणे दहा. उणे बारा. नाना भिंतीला लागून उभे होते आणि टबाकडे न बघता कॅलेंडरकडे बघत होते.

उणे चौदाला सही आली. आधी सुरुवातीचा गोल, मग शेपूट. साहेबांनी पिशवी बाहेर काढली, उजेडाकडे धरली, फुंकर घातली. सही गेली नाही. पाच मिनिटं थांबले. तरी नाही.

"आता आहे," ते म्हणाले. "पण आहे म्हणून ती त्याच अधिकाऱ्याची कशावरून? तुम्ही कागदाला इस्त्री करता, बर्फात घालता, उद्या लोणचं घालाल. मला ओळख पटायला हवी. तोवर तक्रारीसाठी घेतलेली यांच्या नावाची टीप कायम."

"ओळख कशी पटवता तुम्ही एरवी?" मामानं विचारलं.

"जुन्याशी जुळवून. याच अधिकाऱ्यानं दिलेली तुमचीच सर्टिफिकेटं आहेत कपाटात. एकूणएक मी स्वतः पाहिलेली. बावीस वर्षांत सहीविना एक कागद माझ्या टेबलावरून पुढं गेलेला नाही, हे लिहून घ्या."

कपाट उघडायला आणखी एक खिडकी लागली. शेवटी एक जाड गठ्ठा टेबलावर आला. साहेबांनी सगळ्यांत तळाचं, सगळ्यांत जुनं सर्टिफिकेट ओढून काढलं, आणि नव्याशेजारी ठेवलं. तोच सुरुवातीचा गोल. तीच शेपूट. त्यांनी दुसरं ओढलं, तिसरं ओढलं. तिसऱ्यानंतर त्यांनी लाल पेन घेतलं आणि नानांच्या नावाची टीप दोन रेघांनी खोडली. खाली तारीख घातली. थानं सोडण्याच्या कागदावर शिक्का मारला. अकरा वाजून बावन्न मिनिटं झाली होती.

मामानं खिशातून किल्ल्या काढून नानांच्या हातात दिल्या. "ऑफिसात गेल्यावर," तो म्हणाला, "ती इस्त्री तेवढी..."

"कापडालाच करीन," नाना म्हणाले.

"हे घ्या, लावून ठेवा," साहेबांनी गठ्ठा आमच्याकडे ढकलला. "ओढाओढीत सगळा विस्कटला."

तो नानांच्या सहनशक्तीपलीकडचा होता. त्यांनी खुर्ची ओढली, गठ्ठ्याच्या कडा टेबलावर ठोकून सरळ केल्या, आणि कागद तारखेनुसार एकेक करून लावायला घेतले. पंधराव्यापर्यंत त्यांचा हात सारख्या लयीत चालला होता. सोळावा त्यांनी उजेडाकडे धरला. मग माझ्याकडे सरकवला. सतराव्याचंही तेच. मी वही उघडली.

एकूण सर्टिफिकेटं सव्वीस. सही असलेली पंधरा. चौकट कोरी असलेली, शेवटची अकरा. वरच्या कोपऱ्यात साहेबांच्या हस्ताक्षरात 'सही पडताळली' असं लिहिलेली, सव्वीस.